व्हिडिओ कोणाच्या घरी

६ सप्टेंबर १९८७, रविवार

सोसायटीचा व्हिडिओ आला. सेक्रेटरी मुकुंदरावांच्या मेहुण्याने मस्कतहून आणला. सभेत खोका उघडून सगळ्यांना दाखवला. लोकांनी हात मागे बांधून तो पाहिला, जसं नवं बाळ पाहतात.

योजना अशी : व्हिडिओ एकाच जागी ठेवायचा आणि तिथून वायर काढून सगळ्या घरांच्या टीव्हीला जोडायची. तिथे कॅसेट लावली की साऱ्या घरांत चित्र. प्रश्न एवढाच की ठेवायचा कुठे. सोसायटीचं ऑफिस सुचवलं गेलं. कॉलनीच्या तोंडाशी रुपरावांचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान आहे, तेही सुचवलं गेलं. मग बाबा उभे राहिले.

"माह्या घरी ठेवा. मी रिटायर माणूस. दिवसभर घरीच असतो. कोनं काही म्हटलं की लावून देईन."

लोक वर पंख्याकडे पाहू लागले. पंख्याचा आवाज मोठा होता. मग मुकुंदराव म्हणाले, "ही टेक्निकल बाब आहे. आपल्याकडे प्रेमिलाताईंसारखी इंजिनिअर असताना आपण कशाला डोकं चालवायचं? त्या पाहणी करून अहवाल देतील."

मी म्हणाले, डिप्लोमा आहे, इंजिनिअर नाही. ते म्हणाले, तेच ते.

८ सप्टेंबर, मंगळवार

हिंगण्याहून कंपनीच्या बसने परतल्यावर उजेड असेपर्यंत तिन्ही जागा पाहिल्या. मीटर सोबत होता.

ऑफिस : पत्र्याचं छप्पर. दुपारी आत हात लावावा तिथे चटका. बाद.

रुपरावांचं दुकान : अगदी टोकाला. शेवटच्या ओळीतल्या घरांत चित्रावर मुंग्या येणार, त्यासाठी जास्तीचे बूस्टर लागणार. शेजारी पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की व्होल्टेज पडतं. रुपराव म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिल्या ताई? आपल्याकडे स्टॅबिलायझर हाय. अन् कॅसेटी बी इथंच."

आमचं घर : दोन्ही ओळींच्या बरोबर मध्ये. वायर दोन्हीकडे सारखी जाते, एका बूस्टरमध्ये काम होतं. व्होल्टेज २२४, स्थिर.

समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. बाबा रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावतात. व्हिडिओ ठेवायचा तर त्याच भिंतीला लागून ठेवावा लागेल, दुसरी जागा नाही. ही फक्त नोंद आहे. अहवालाशी तिचा संबंध नाही.

बाबांनी सुताराकडून एक ठेंगणं टेबल करून आणलंय. वर फॉर्मायका. मी विचारलं, अजून काही ठरलं नाही, आधीच कशाला? म्हणाले, "नाही ठेवला तं मी त्याच्यावर पेपर वाचीन."

शेजारच्या शोभाताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. त्यांना नेहमी घाई असते. कोणी आलं की मी उठून दारात जाते, त्यामुळे समोरच्याचा वेळ वाचतो.

१२ सप्टेंबर, शनिवार

अहवाल दिला. एक पान.

शिफारस रुपरावांच्या दुकानाची केली. कारणं : कॅसेट तिथेच उपलब्ध, दिवसभर माणूस हजर, स्टॅबिलायझर आहे. आमच्या घराबद्दल लिहिलं की तिथला विद्युतदाब अनियमित आहे.

शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा तेच लिहिलं.

कॉलनीचा एकूण फायदा पाहिला तर शिफारस योग्यच आहे. यंत्र आमच्याकडे असतं तर कॅसेट बदलायला, काही सांगायला लोकांना आमच्या घरी यावं लागलं असतं. ते अडचणीचं झालं असतं. त्यांना.

१३ सप्टेंबर, रविवार

ठराव लगेच मंजूर झाला. इतक्या लवकर या सोसायटीत नळाची तोटी बदलायचाही ठराव झालेला नाही. मुकुंदराव म्हणाले, "पाहा, शास्त्रीय पद्धतीने केलं की वाद होत नाहीत."

घरी आल्यावर बाबांनी टेबल खिडकीखाली सरकवलं आणि त्यावर पेपर ठेवला. मग वर पाहून म्हणाले, "आपल्या घरचा बल्ब तं चांगला जळून राहिला वं."

मी म्हणाले, बल्बवरून कळत नाही.

"हाव. मले काय समजते."

मी घरात बोलतानाही 'मला' म्हणते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. बाबांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

वायर पूर्ण झाली. शेवटच्या ओळीत मुंग्या आल्याच. मी आणखी दोन बूस्टर बसवले, मग चित्र साफ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताई म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय हो आनंदराव तुमची." बाबा खूष झाले. त्यांना खूष झालेलं पाहणं मला जड गेलं. कारण लिहीत नाही.

संध्याकाळी त्यांनी कॅसेट काढून हातात दिली. वर त्यांच्या अक्षरात 'इंदूबाई'.

इंदूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. जुलैमध्ये तीही गेली. त्याआधी एप्रिलमध्ये जुन्या वस्तीतल्या विहारात कार्यक्रम होता, तिथे तिने छप्पन सालच्या दीक्षेची आठवण सांगितली. बाबांच्या मित्राच्या मुलाने ती कॅमेऱ्यावर घेतली. मी त्या कार्यक्रमाला होते, मागच्या बाजूला. कॅसेट मी पाहिलेली नाही. आत्याचा आवाज आता फक्त या एका कॅसेटवर आहे.

"दसऱ्याले लावायले सांग रुपरावले. सारी कॉलनी पाहीन. अन् त्याच्या आधी तुह्या कारखान्यात कॉपी करून घे."

करते म्हणाले.

३० सप्टेंबर, बुधवार

कॉपी झाली नाही. आमच्या टेस्टिंग विभागात दोन यंत्रं आहेत, पण कॉपी करायची म्हणजे कॅसेट पूर्ण चालवावी लागते. पडदा चालू ठेवावा लागतो, नाहीतर कॉपी नीट होते की नाही ते कळत नाही. विभागात आम्ही चौघं असतो. बाकीच्या तिघांसमोर आत्या बोलणार. ती 'म्या' म्हणणार, 'थ्या दिवशी' म्हणणार, तंबाखू बाजूला सारून हसणार.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी जीभ असते. ती तोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. ती मी तोडली. तेवढी काळजी पुरेशी आहे.

कॅसेट रुपरावांना दिली. कशाची आहे, असं त्यांनी विचारलं. एक जुना कार्यक्रम आहे, असं सांगितलं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

बाबा दुपारीच दीक्षाभूमीवर जाऊन आले. पांढरा सदरा तसाच अंगात ठेवून टीव्हीसमोर बसले.

रुपरावांनी कॅसेट लावली. आधी मेणबत्त्या, वंदना, मग माइक हलला आणि आत्या आली. आवाज थोडा खरखरीत, पण तिचाच.

"पांढरं लुगडं नव्हतं गा घरी. सारे पांढरं घालून चालले होते. मंग म्या नवऱ्याचं धोतर नेसली. सासू म्हणे, अवं, लोक हासतीन. म्या म्हटलं –"

आणि चित्र गेलं. मग गाण्यांचं काहीतरी सुरू झालं.

मी म्हणाले, वायरमध्ये दोष असेल. वायरमध्ये दोष असता तर गाणी दिसली नसती, हे कोणालाही कळेल. बाबा बराच वेळ तशीच गाणी पाहत बसले. मग सदरा काढून घडी केली.

मला सुटल्यासारखं वाटलं होतं. 'धोतर' ऐकल्याबरोबर माझे कान तापले होते, आणि चित्र गेल्यावर ते निवले. हे इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोणी वाचत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी विचारलं, कॅसेट आणली का? मी म्हणाले, रुपराव पुन्हा लावणार आहेत, तिथेच सुरक्षित आहे.

रुपराव असं काही म्हणालेले नाहीत. मी त्यांना विचारलेलंच नाही.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर वर्ल्ड कपचा सामना. हॅट्‌ट्रिक झाली. आपली बॅटिंग इतकी जोरात की सामना लवकरच संपला. कॉलनीत फटाके. कारखान्यात निम्मी माणसं आलीच नव्हती.

४ नोव्हेंबर, बुधवार

बाबा मला न सांगता रुपरावांकडे गेले आणि कॅसेट घेऊन आले. माझ्या हातात देऊन म्हणाले, "याच्यावर आता मॅच हाय म्हणते. तो म्हणे चुकून झालं. तूच पाय."

मी कॅसेट उलटी केली. जीभ तोडल्याने झालेल्या भोकावर सेलोटेप लावलेली होती. नीट, चौकोनी कापून.

भोक बुजवलं की यंत्राला वाटतं कॅसेट नवीन आहे. ही गोष्ट चुकून होत नाही. त्याला कात्री लागते.

बाबा म्हणाले, "पुसलं गेलेलं परत येते का?"

नाही म्हणाले.

"कॉपी?"

मी मान हलवली. ते 'बरं' म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. साखर कुठे आहे हे त्यांनी मला दोनदा विचारलं. डबा समोरच होता.

५ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाहेर थांबले. मग कॅसेट काउंटरवर उलटी ठेवली आणि सेलोटेपवर बोट ठेवलं.

रुपराव आधी हसले. मग हसायचे थांबले.

"खोटं नाही सांगत ताई. मॅचच्या दिवशी कोरी कॅसेट नव्हती. पोट्टे दुकान डोक्यावर घेऊन राहिले होते, रेकॉर्ड करा, रेकॉर्ड करा. हेच एक पडून होतं."

"यावर नाव लिहिलेलं होतं."

"हाव, होतं. पन दसऱ्यालेच चार घरांतून निरोप आला होता का, हे काय लावून राहिला बे. म्हनून तं काढली. अन् मंग मले वाटलं, तुमाले बी नको असन. महिना झाला, तुम्ही रोज बसमधून उतरून दुकानासमोरूनच जाता. एकदा बी न्यायले नाही आल्या."

मी कॅसेट उचलली. त्यांनी मागून हाक मारली, "ताई, नवी कोरी आणून देतो ना मी." त्यांचा चेहरा खरोखर पडलेला होता.

चार घरं कोणती ते मी विचारलं नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

सभेत विषय निघाला. रुपराव म्हणाले, चुकून झालं, माफी मागतो. मुकुंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रेमिलाताई, तांत्रिकदृष्ट्या असं चुकून होऊ शकतं का?"

कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. सेलोटेप तशीच.

"होऊ शकतं," मी म्हणाले.

"झालं तर मग."

बाबा दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

एका खोट्याला धरून ठेवायला दुसरं बोलावं लागलं. व्होल्टेजचं खरं सांगितलं असतं तर व्हिडिओ आमच्या घरी असता आणि कॅसेटही. सेलोटेपचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : मग ही जागा सुचवली कोणी?

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज मध्यंतरात कारखान्याच्या यंत्रावर कॅसेट लावली. बाकीचे तिघं डबे खात होते, खात खात पाहू लागले. मी पडदा बंद केला नाही.

मॅच. फटके, टाळ्या, पुन्हा फटके. पुढे सरकवत गेले. सामना लवकर संपला होता म्हणून रेकॉर्डिंगही आधीच थांबलं होतं. त्यानंतर चित्र थरथरलं आणि विहाराचं अंगण आलं. आत्याचं बोलणं संपून गेलेलं होतं. लोक पानांवर जेवत होते. कॅमेरा त्यांच्यावरून फिरत मागच्या भिंतीशी आला. तिथे मी उभी होते.

कॅमेरा माझ्याकडे वळला तशी मी ओढणी तोंडावर घेतली आणि भिंतीकडे वळले. कॅमेरा काही क्षण माझ्या पाठीवर थांबला. मग आत्याचा आवाज आला, ती चौकटीत नव्हती : "माही पोरगी हाय थे. लाजते." आणि कोणीतरी हसलं. पुढे कोरं.

एवढंच वाचलंय.

विभागातल्या एकाने विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, आवाज आत्याचा. दिसतेय ती मी.

संध्याकाळी बाबांना सांगितलं की शेवटचा एक तुकडा आहे. मग विचारलं, सासू लोक हसतील म्हणाली, त्यावर आत्या काय म्हणाली होती?

बाबांनी लगेच सांगितलं. तिची मान कशी होती तीही करून दाखवली. "म्या म्हटलं, हासतीन तं हासतीन. धोतर धुतलेलं हाय."

ते हसले. मीही हसले. मग मला हसू थांबवता येईना, आणि ते हसू नाही हे बाबांच्या माझ्या आधी लक्षात आलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज सभा नव्हती. मी मुकुंदरावांना सांगून बोलवायला लावली. थंडी पडू लागल्याने पंखे बंद होते.

मी लिहून नेलं होतं, मुद्देसूद. उभी राहिले आणि कागद दिसेना. जे तोंडात आलं ते बोलले.

"आमच्या घरचं व्होल्टेज बराबर होतं. तवाही होतं, आताही हाय. अहवालात मी खोटं लिहिलं. अन् कॅसेट चुकून नाही पुसली गेली. भोकावर सेलोटेप लावली होती. मागच्या सभेत मी थेही खोटं बोलली."

रुपरावांनी खाली पाहिलं. शोभाताई म्हणाल्या, "अवं पण काहून लिहिलं वं तसं? तुह्याच घरी राह्यला असता ना व्हिडिओ."

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.

"मले वाटलं, तुमी येनार नाही."

शांतता. या वेळी ती झाकायला पंखासुद्धा नव्हता. मुकुंदरावांनी चष्मा पुसला. "असं कसं म्हणता प्रेमिलाताई, आपल्याकडे तसलं काही नाही," ते म्हणाले. कोणी 'हो' म्हटलं नाही, आणि 'नाही'ही म्हटलं नाही.

मतं घेतली. व्हिडिओ आमच्याकडे हलवायला हात वर झाले, पण एका वेळी नाही, एकमेकांकडे पाहत. शोभाताईंचा मध्येच कधीतरी झाला. मुकुंदरावांचा सगळ्यात शेवटी. दोन घरांनी कनेक्शन नको म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. ठराव झाला.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "'मले' म्हटलं तू."

२२ नोव्हेंबर, रविवार

वायर पुन्हा ओढली. दोन्ही जास्तीचे बूस्टर काढून टाकले. शेवटच्या ओळीत चित्र स्वच्छ. दोन घरांच्या वायरी कापून टोकं गुंडाळून ठेवली.

व्हिडिओ बाबांच्या टेबलावर आहे. वर मूर्ती, तसबीर. संध्याकाळी त्यांनी मेणबत्ती लावली आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

मी म्हणाले, यात काही उरलं नाही बाबा. लोक तुटकं चित्र पाहतील. माझी पाठ.

"तिचा आवाज हाय ना? 'माही पोरगी' म्हनते. बास झालं. लाव."

लावली. एकाच वेळी जोडलेल्या सगळ्या घरांत जेवणाऱ्या पंगती गेल्या, भिंत आली, ओढणी आली, मी वळले. समोरच्या ओळीत खिडक्या उघड्या होत्या. आत्याचा आवाज आमच्या टीव्हीतून आला तसाच तिकडूनही, थोडा पुढेमागे, आला. लाजते. लाजते. बाबा पांढऱ्या सदऱ्यात होते.

संपल्यावर कॅसेट काढत असताना दारात चाहूल लागली. शोभाताई. हातात कसलीशी कॅसेट. "उद्या दुपारी हे लावजो वं, पाहुणे येऊन राहिले माह्याकडं." उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून त्यांनी हात पुढे केला.

माझे पाय उठायला निघाले होते. ते मी आवरले.

"इकडं आणून द्या ना ताई," मी म्हणाले. "टेबलावर ठेवा."

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कॅसेट या हातातून त्या हातात घेतली. बाबा पेपरमागे होते, पेपर हलत नव्हता.

मी उठले नाही.

शोभाताईंनी चपला काढल्या.